शालनबाईंचे सत्त्याण्णव गुण

आरसा रेवतीच्या उजव्या गालाजवळ गेला आणि वासरू हरवलेल्या गाईसारखा हंबरला.

तपासणीला आलेल्या वॉर्ड ऑफिसच्या सदामते मॅडमनी तो उलटा करून तळहातावर आपटला, पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"एकतीस," मॅडम म्हणाल्या.

"शंभरपैकी?" शालनबाईंनी विचारलं.

"मग काय, बत्तीसपैकी? बसा आता तुम्ही."

शालनबाई पदर सावरून खुर्चीत बसल्या. आरसा त्यांच्या गालाशी आला, निळा उजेड पडला आणि आतून देवळातली घंटी वाजल्यासारखा गोड आवाज आला. सत्त्याण्णव.

दारात चार शेजारणी उभ्या होत्या. चौघींच्या हातात साखर मागायला आणलेल्या रिकाम्या वाट्या होत्या आणि चौघींनाही साखर नको होती.

"सून एकतीस, सासू सत्त्याण्णव. तफावत सहासष्ट." मॅडम टॅबवर टिचक्या मारत होत्या. "आवटीबाई, खाता तरी काय ओ तुम्ही एवढं?"

ज्या बाईनं सुनेला आजवर शिळी भाकरी दाखवली नव्हती, तिला सांगलीच्या भर वखारभागात, चार वाट्यांसमोर, सुनेचा घास ओढणारी ठरवलं गेलं होतं. तेही एका हातआरशानं.

ह्या आरशाचं सरकारी नाव होतं पोषणदर्पण. पोटात काय गेलं आणि काय नाही, हे रक्ताचा थेंबही न काढता कातडीवरून ओळखणारं यंत्र. त्याची युक्ती साधी होती. ब-गटातलं दोन नंबरचं जीवनसत्त्व निळ्या उजेडात हिरवट-पिवळं चमकतं. गालावर निळा उजेड टाकायचा, उलट येणारी चमक मोजायची. चमक भरपूर तर माणूस खातापिता. त्याच्या जोडीला यंत्र गालाचा लालपणाही मोजायचं, कारण कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी लिहिलं होतं की कायम लाल राहणारी, बारीक पुळ्या येणारी कातडी आणि जस्त, ड जीवनसत्त्व, ब जीवनसत्त्वं ह्यांची कमतरता ह्यांच्यात 'कदाचित काही संबंध असू शकेल, पण अजून अभ्यास हवा'. हे वाक्य विद्यापीठातून यंत्राच्या कंपनीत गेलं, तेव्हा वाटेत 'अजून अभ्यास हवा' सांडलं. कंपनीतून मंत्रालयात गेलं, तेव्हा 'कदाचित' सांडलं. मंत्रालयातून सांगलीच्या वॉर्ड ऑफिसात पोचेपर्यंत 'लाल गाल म्हणजे उपाशी माणूस' एवढंच शिल्लक होतं.

त्यावर कायदा उभा होता. कायद्याचा हेतू चांगला होता. घरोघरी बायका सगळ्यांना वाढून मागाहून उरलंसुरलं खातात, ते थांबवायचं. म्हणून गुन्हा उपाशी राहण्याचा नव्हता, गुन्हा तफावतीचा होता. एकाच चुलीवर शिजतं, मग एक गुबगुबीत आणि एक वाळलेला का? घरात जी बाई वाढते ती 'अन्नप्रमुख'. तिच्यात आणि घरातल्या दुसऱ्या माणसात चाळीस गुणांपेक्षा जास्त तफावत लागोपाठ तीन वेळा निघाली, की कमी गुणांच्या माणसाला चार महिने पोषणनिवासात न्यायचं आणि अन्नप्रमुखावर खटला भरायचा.

"ही पहिली खेप," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "महिन्यानं येते. तवर जरा वाढा तिला."

त्या गेल्या, वाट्याही गेल्या. रेवती आरशात, म्हणजे साध्या भिंतीवरच्या आरशात, गाल बघत उभी राहिली. दोन वर्षं झाली, तिचे गाल आणि नाकाचा शेंडा कायम कुणी चिमटे काढल्यासारखे लाल असायचे. उन्हातून आली की आणखी.

"आत्या," ती म्हणाली. त्या भागात सुना सासूला आत्याच म्हणतात. "चार महिने तिकडं गेले तर तुमच्या आमटीतनं सुटका होईल बघा."

"जा की! आत्ता जा. पिशवी भरून देऊ?"

दोघी हसल्या नाहीत. गल्लीच्या टोकाला मगदुमांची सून अशीच गेली होती. चार महिन्यांनी तिला सोडायला निघालेली गाडी मगदुमांच्या दाराशी आलीच नाही, सरळ तिच्या माहेरी गेली. आता मगदुमीणबाई ओट्यावर बसून गाड्या मोजते. शालनबाईंचा मुलगा सुदर्शन कच्छला पवनचक्क्यांवर होता, वर्षातून दोनदा यायचा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आवाज म्हणून जो होता तो रेवतीचा. शाळेतून आली की संगणकाच्या तासाला पोरांनी काय काय घोळ घातले ते ती मोठ्यानं सांगायची आणि शालनबाई 'गप, डोकं उठवलंस' म्हणायच्या. ते डोकं उठणं बंद झालं तर काय, ह्याचा विचार त्यांनी केला आणि तडक अळीव भिजत घातले.

महिनाभर त्या घरात जे शिजलं ते एका पैलवानाला पुरलं असतं. पहाटे अळिवाची खीर. मग कढत नाचणीचं आंबील. दुपारच्या ताटात शेंगदाण्याचा लाल ठेचा, कारण ठेच्यानं भूक लागते. संध्याकाळी मिरीचा काढा. रात्री उकळती कटाची आमटी, जिच्या वाफेत रेवतीचा चेहरा दिसेनासा व्हायचा. शालनबाई समोर उभ्या राहून वाढायच्या, उचक्या मोजायच्या आणि म्हणायच्या, "बघ, रंग यायला लागला."

रंग येत होता. फक्त हवा तो नव्हता.

स्वतः त्या मागाहून, ओटा पुसून झाल्यावर, चहात भाकरीचा तुकडा बुडवून खायच्या आणि कामाला जायच्या. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. चतुर्थी, एकादशी वेगळी. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या, त्यांना तूप लावायच्या.

"आत्या, तोंडाला काय झालंय?"

"थंडीनं फुटलंय."

"मे महिना आहे."

"मग उन्हानं. तू खा."

दुसरी तपासणी सकाळी दहाला होती. आठ वाजता शालनबाई औषधांच्या दुकानातून एक डबी घेऊन आल्या. दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं, ब-गटातलं तीन नंबरचं, कातडीसाठी एकदम भारी, रोज एक गोळी.

"रोज एक?" शालनबाई डबीकडं बघत म्हणाल्या. "दोन तासांत एका गोळीनं काय होणार? तीन घे."

"आत्या, औषध आहे ते, लाडू नाही."

"घे म्हणते ना. मॅडम येतील आता."

रेवतीनं तीन घेतल्या. तीन नंबरच्या ह्या जीवनसत्त्वाचा एक गुण असा की ते एकदम जास्त पोटात गेलं तर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सताड उघडतात. दुकानदाराला हे माहीत नव्हतं. शालनबाईंना पावणेदहाला कळलं. रेवतीच्या कानांपासून सुरुवात झाली. मग मान, मग गाल. सव्वादहाला सदामते मॅडम दारात आल्या, तेव्हा खुर्चीत एक टोमॅटो साडी नेसून बसला होता.

"अगं बाई!" मॅडम उंबऱ्यावरच थांबल्या. "मारहाण पण करता का?"

"न्हाई ओ!" शालनबाई ओरडल्या.

"आग होतेय," टोमॅटो म्हणाला. "पंखा वाढवा."

आरसा ह्या खेपेला हंबरला नाही. तो फायर ब्रिगेडसारखा वाजला. बारा. शालनबाईंचे अठ्ठ्याण्णव. दारातल्या वाट्या आता सात झाल्या होत्या.

"तफावत शहाऐंशी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "आवटीबाई, तिसरी खेप महिन्यानं नाही. एवढी तफावत असली की आठ दिवसांत. मंगळवारी येणार मी. गाडी बरोबरच असेल. बॅग भरून ठेवा तिची."

मिरजेला, कातडीच्या डॉक्टर शिकलगारबाईंकडे, दोघी दुसऱ्याच दिवशी गेल्या. डॉक्टरांनी भिंग लावून रेवतीचे गाल पाहिले, कधी वाढतं, कशानं वाढतं ते विचारलं आणि पाच मिनिटांत नाव सांगितलं.

"रोझेशिया. जुनाट असतो, जातो-येतो. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या जरा उतावळ्या असतात हिच्या. ऊन, गरम वाफ, तिखट, कढत पेयं, ह्यांनी भडकतो. काय देता खायला?"

शालनबाईंनी आंबील, ठेचा, काढा, कटाची आमटी, शेवटी डबीतल्या त्या तीन गोळ्या असं एकेक सांगितलं. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे महिनाभर तुम्ही तिला मायेनं भाजत होता," डॉक्टर म्हणाल्या. "आणि वर नायसिन? तीन?"

"पण मग हा उपासमारीचा रोग न्हाई ना? खाण्याशी संबंध न्हाई ना?"

"संबंध असेलही, नसेलही. काही जणांत जस्त कमी सापडतं, काही जणांत ड कमी, काहींत सगळं ठीक असतं. अभ्यास चाललाय. एवढं नक्की की नुसत्या लाल गालावरून कुणाला उपाशी म्हणता येत नाही. हिचं रक्त तपासूया, पण मला ही चांगली खातीपिती दिसतेय." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि शालनबाईंकडं बघितलं. "तुमच्या तोंडाच्या कडांना काय झालंय?"

"उन्हानं," शालनबाई घाईघाईनं म्हणाल्या. "तुम्ही लिहून द्या की एवढं. शिक्का मारून."

डॉक्टरांनी लिहून दिलं, शिक्का मारला. तो कागद घेऊन रेवती वॉर्ड ऑफिसात गेली आणि तासाभरात परत आली.

"घेतला नाही. टॅबमध्ये आजारांची यादी आहे, त्यात रोझेशिया आहे. पण त्याच्यापुढं लिहिलंय, 'गोऱ्या कातडीचा आजार, भारतात आढळत नाही.' त्याच्यावर टिचकी मारली की टॅब विचारतो, 'उमेदवार परदेशी आहे का?'"

"मग हो म्हणायचं!"

"हो म्हटलं की पासपोर्ट मागतो."

शालनबाई भिंतीला टेकून बसल्या. पाच दिवस उरले होते.

शालनबाईंचं काम हळदीच्या गोदामात होतं. निवडीच्या चाळीस बायकांवर त्या मुकादम होत्या. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, किडका माल तिसरीकडं. अठ्ठावीस वर्षं. नवरा गेल्यावर हळदीकुंकवाची आमंत्रणं बंद झाली, पण हळद कुठली बंद व्हायला! कोपरापर्यंत हात, मान, पापण्या, सगळं पिवळं. साबणानं जात नाही आणि त्यांनीही कधी घालवायचा प्रयत्न केला नाही.

शुक्रवारी आरोग्य खात्याची माणसं गोदामात आरसे घेऊन आली. चाळीस बायकांची रांग लागली. पंच्याण्णव. शहाण्णव. चौऱ्याण्णव. आक्काताई नावाची एक म्हातारी होती, जी मिसरी आणि चहा सोडून तिसरा पदार्थ क्वचितच तोंडात घालायची. तिला नव्याण्णव.

"बगा!" आक्काताई बोळक्या तोंडानं म्हणाली. "उगं डाळी, भाज्या करत बसताय."

काचेच्या केबिनमध्ये बसून रोज भिजवलेले बदाम खाणारे दिवाणजी बाहेर आले. चव्वेचाळीस. ते आत जाऊन दार लावून बसले.

आरोग्य खात्याचे साहेब खूश झाले. गोदामाला सुपोषणाचा पुरस्कार द्यायला हवा, असं काहीतरी बोलत त्यांनी हातातला आरसा सहज पोत्यावर टेकवला. पोत्यावर गोदामाचं मांजर झोपलं होतं. निळा उजेड त्याच्या नाकावर पडला आणि देवळातली घंटी वाजली.

चौऱ्याण्णव.

सगळे हसले. साहेबांनी आरसा पुसून खिशात घातला. शालनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मांजराकडं बघत राहिल्या. ते डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळं होतं.

त्यांना शास्त्र ठाऊक नव्हतं. हळदीतलं पिवळं द्रव्यही निळ्या उजेडात हिरवट-पिवळंच चमकतं, जवळजवळ त्याच दोन नंबरच्या जीवनसत्त्वासारखं आणि त्याच्याहून कितीतरी झगझगीत, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते यंत्र बनवणाऱ्यांनाही बहुधा सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या गावात माणसांच्या गालावर हळद नसते. पण शालनबाईंना मांजर कळलं. तेवढं पुरेसं होतं.

मंगळवारी सकाळी आठला त्यांनी रेवतीला मोरीजवळच्या पाटावर बसवलं. वाटीत खोबरेल आणि उत्तम प्रतीची हळद कालवलेली होती.

"आज काय, लग्न आहे माझं?" रेवती म्हणाली.

"हलू नको." शालनबाईंनी गालांवर पातळ हात फिरवला. "उटणं न्हाई लावायचं. नुसती उतरली पाहिजे कातडीत. दिसली न्हाई पाहिजे."

"आत्या, ह्यानं आरसा फसतो?"

"मांजराला फसला."

त्यांनी सगळी हकीगत सांगितली. आक्काताईचं सांगताना रेवती खुदकन हसली आणि मग एकदम हसायची थांबली.

"आक्काताईचे नव्याण्णव खोटे. मांजराचे खोटे." ती पाटावर वळून बसली. "मग तुमचे सत्त्याण्णव?"

"माझे खरे."

"कशावरनं?"

"मला काय धाड भरलीय? सोळा तास उभी असते मी. तोंड इकडं कर, कानामागं राहिलंय."

रेवतीनं तोंड केलं, पण नजर सासूच्या ओठांच्या कोपऱ्यांवरून हलली नाही. काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात शालनबाई उठून मोरीत गेल्यासुद्धा. त्यांना दुसरीच भीती लागली होती. आज सुनेच्या गालावर चमक आणि सासूचे हात पिवळेधमक, हे मॅडमच्या लक्षात आलं तर? पुरावा नको. त्यांनी तेल चोळलं, बेसन चोळलं, लिंबू चोळलं. हात, मान, तोंड, अठ्ठावीस वर्षांची हळद. मोरीतून पिवळं पाणी वाहिलं. बाहेर आल्या, तेव्हा रेवतीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं एखाद्या अनोळखी बाईकडं बघावं. चेहरा राखेसारखा फिका होता. नाकाच्या कडा सोललेल्या होत्या.

"आत्या, तुम्ही—"

दारावर टकटक झाली.

सदामते मॅडमबरोबर गाडी होती. ती गल्लीत उभी राहिली आणि तिच्याभोवती वाट्या जमल्या. मॅडमनी आज चहा नको म्हणून सांगितलं. आरसा काढला.

"रेवती आवटी."

निळा उजेड. शालनबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं. एक सेकंद, दोन सेकंद. घंटी.

"शहाण्णव?" मॅडमनी आरसा डोळ्यांजवळ नेला. "आठ दिवसांत बारावरून शहाण्णव?"

"वाढलं की," शालनबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होता, वाढा म्हणून."

छातीवरचं ओझं उतरलं. गाडी रिकामी जाणार. शालनबाई स्वतःच्या तपासणीला जवळजवळ मिरवत बसल्या, गाल पुढं केला.

आरसा हंबरला.

"तीस," मॅडम म्हणाल्या.

शालनबाईंना वाटलं, चुकून रेवतीचाच जुना आकडा वाचला. मॅडमनी पुन्हा लावला. तीस. कपाळाला लावला, हनुवटीला लावला. एकोणतीस, तीस.

"तफावत सहासष्ट," मॅडम संथपणे म्हणाल्या. "तेवढीच. फक्त उलटी." त्यांनी रेवतीकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. "आता कळलं. सव्वा महिना सासूवर आळ होता, म्हणून सुनेनं सासूचं ताट स्वतःकडं ओढलं. ही फुगली, ही वाळली. म्हाताऱ्या माणसाचं अन्न काढून घेतलं तर तीन खेपा थांबत नाही आम्ही. पहिल्यालाच कारवाई. आवटीबाई, तुमची बॅग भरा. आणि रेवती, तुझं पूर्ण नाव सांग. आरोपीच्या रकान्यात लिहायचंय."

शालनबाईंच्या डोक्यात दोन दारं होती आणि दोन्ही बंद. हळदीचं सांगावं, तर रेवतीचे गुण पुन्हा खाली जाणार, तिसरी खेप भरणार, गाडी तिला नेणार. गप्प बसावं, तर पोरीवर खटला, सासूला उपाशी मारलं म्हणून. मॅडमचं बोट टॅबवर होतं. 'रे' लिहून झालं होतं.

"तिनं काही केलं न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "मीच जेवत न्हाई."

बोट थांबलं.

"सगळ्या असंच सांगतात. कायद्यात लिहिलंय तसं, पीडितानं आरोपीची बाजू घेतली तर ती दडपणाखाली आहे असं समजावं."

"कसलं दडपण? मला कोण दडपतंय?" शालनबाईंचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "मीच न्हाई जेवत. सोमवारी उपास, गुरुवारी उपास. उरलेल्या दिवशी चहा-भाकरी. हे होते तेव्हा त्यांना वाढायची, मग सुदर्शनला, मग जे उरंल ते. आता उरत न्हाई, मी शिजवतच न्हाई उरेल असं. एकटीसाठी कोण ताट मांडतंय?"

"एकटी?" रेवती म्हणाली. "आणि मी कोण आहे ह्या घरात?"

चार वर्षं शालनबाई समोर उभ्या राहून वाढत होत्या आणि चार वर्षं त्यांना वाटत होतं की समोर उभं राहणं म्हणजे बरोबर असणं.

"बरं, समजा मानलं," मॅडम म्हणाल्या. त्या टॅबवर वर-खाली करत होत्या. "पण आरोपीच्या रकान्यात 'स्वतः' असा पर्यायच नाही. पीडित आणि आरोपी एकच माणूस असला की पान पुढं जात नाही. कुणाचं तरी नाव टाकावंच लागतं. तुझंच टाकते, तू नंतर कोर्टात सांग."

रेवती उठली. मोरीत गेली, तेलाची वाटी घेऊन आली आणि सगळ्यांसमोर गालावर तेल चोळून पदरानं खसाखसा पुसायला लागली. पदर पिवळा झाला.

"रेवती, नको!" शालनबाई धावल्या. "गाडी उभी आहे बाहेर! येडी का काय तू!"

"सोडा आत्या."

तिनं दोन्ही गाल पुसले. चोळण्यानं ते आणखी लाल झाले, पुळ्या वर आल्या. खुर्चीत बसून तिनं तोंड वर केलं.

"मोजा आता."

मॅडमनी पिवळ्या पदराकडं पाहिलं, शालनबाईंच्या धुतलेल्या हातांकडं पाहिलं, खिडकीतून दिसणाऱ्या हळदीच्या वखारींकडं पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उगवलं आणि ते त्यांना आवडलं नाही. त्यांनी आरसा लावला.

शालनबाईंनी डोळे मिटले. हंबरडा आला. बरोबर किती, ते ऐकायचं धाडस त्यांना होईना.

"एकोणतीस."

मग आरशातून एक आवाज आला, जो त्या गल्लीत कोणी आजवर ऐकला नव्हता. सनई वाजत होती.

"काय झालं?" शालनबाईंनी डोळे उघडले.

मॅडम टॅबकडं टक लावून बघत होत्या. "सून एकोणतीस, सासू तीस. तफावत एक." त्यांनी घसा साफ केला आणि आलेला मजकूर वाचला. "'अभिनंदन. हे घर आदर्श समता घर म्हणून निवडण्यात आलं आहे. मागील सर्व नोंदी रद्द.'"

"दोघी उपाशी निघालो म्हणून?" रेवतीनं विचारलं.

"सारख्या निघालात म्हणून. यंत्राला तेवढंच विचारलंय." मॅडमनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "ह्या वॉर्डात मी चार हजार घरं तपासलीत. हळदीचं वर कळवलं तर चारही हजार पुन्हा तपासायला लावतील. एकटीला." चष्मा डोळ्यांवर परत आला. "मी काही बघितलं नाही. प्रमाणपत्र पोस्टानं येईल, दाराला लावा."

त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, घुटमळल्या आणि परत वळल्या.

"पुढच्या आठवड्यात आमच्या स्टाफची तपासणी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "माझे मागच्या खेपेला अडतीस आले होते. जरा पुडी बांधून देता का? चांगल्यातली."

शालनबाईंनी पुडी बांधून दिली. गाडी रिकामी गेली. वाट्या थोडा वेळ रेंगाळल्या आणि पांगल्या.

"तुला माहीत होतं असं होणार?" दार लागल्यावर शालनबाईंनी विचारलं.

"कायदा वाचला होता. पण माझे किती येतील ते कुठं माहीत होतं? बारा आले असते तर तुम्ही तीस आणि मी बारा, तरी चाळीसच्या आत बसलो असतो. आणि तुमच्यावर विश्वास होता."

"कसला?"

"की तुम्ही खरंच उपाशी आहात."

रेवतीनं जमिनीवर दोन ताटं मांडली, समोरासमोर. भात, कोमट वरण, दही, दोडक्याची भाजी. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिखट नाही, वाफ नाही.

"तू बस," शालनबाई सवयीनं म्हणाल्या. "मी ओटा आवरून—"

रेवती बसली. ताटाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले. शालनबाईंनी ओटा पुसला. एकदा पुसलेला पुन्हा पुसला. वळून बघितलं. हात मांडीवरच होते. फोन वाजला, सुदर्शनचा होता, वाजून वाजून थांबला. रेवतीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या भाताच्या कडा वाळायला लागल्या होत्या आणि ती शाळेतल्या मास्तरणीसारखी, पोरगं कबूल होईपर्यंत थांबलेली होती.

"हट्टी आहेस," शालनबाई म्हणाल्या आणि बसल्या.

पहिल्या घासाला दह्यानं ओठांच्या चिरा झोंबल्या. दुसऱ्या घासाला कमी झोंबल्या. तिसरा घास त्यांनी घाईनं घेतला, चौथा त्याहून घाईनं, आणि मग त्यांना कळलं की आपण मान वर न करता, एखाद्या लहान पोरीसारखं जेवतोय. समोर रेवतीही जेवत होती. ताट रिकामं झालं, तेव्हा त्यांनी बोट कडेनं फिरवून वरण पुसून घेतलं आणि त्या रिकाम्या ताटाकडं बघत राहिल्या. आयुष्यात त्यांनी कुणाला कधी वाढून मागितलं नव्हतं. वाक्य कसं सुरू करतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"भात..." त्या म्हणाल्या. "थोडा घाल की." आणि लगेच, "उरला असला तर."

रेवती ताट घेऊन उठली.

"नसला तर लावते," ती म्हणाली.